‘आय ॲम डिस्ट्रॅक्टिंग’ म्हणताय? थांबा जरा!

नमस्कार मंडळी! ‘फोकस’वरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: ताई, लक्ष देणं कळलं, पण लक्ष उडालं हे इंग्रजीत कसं सांगायचं?

शब्द तुम्हाला ठाऊक आहे. डिस्ट्रॅक्ट. क्रियापद डिस्ट्रॅक्ट, नाम डिस्ट्रॅक्शन, विशेषणं दोन, डिस्ट्रॅक्टेड आणि डिस्ट्रॅक्टिंग. उच्चारताना जोर ‘ट्रॅक्ट’वर. एवढं कुठल्याही शब्दकोशात मिळेल, त्यात वेळ घालवत नाही.

घोळ पुढे आहे. डिस्ट्रॅक्ट म्हणजे लक्ष विचलित करणं. होणं नाही, करणं!

आपण मराठीत बिनधास्त म्हणतो, ‘मी डिस्ट्रॅक्ट होतो’. अगदी बरोबर आहे. आता काही जण खाली लिहितील की मराठीत इंग्रजी शब्द घुसडू नका. अहो, ‘होणे’ आणि ‘करणे’ जोडलं की बाहेरचा शब्द आपल्या व्याकरणात मुकाट्याने बसतो, ही आपल्या भाषेची ताकद आहे. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल नाहीच. तेच वाक्य उचलून इंग्रजीत नेलं की ‘होतो’ वाटेत गळून पडतो, आणि हातात राहतं ‘आय डिस्ट्रॅक्ट’. ऐकणारा विचारणार, कोणाला?

म्हणून ‘होणे’साठी इंग्रजीत ‘गेट’ आणायचा. आय गेट डिस्ट्रॅक्टेड. काल झालं असेल तर आय गॉट डिस्ट्रॅक्टेड.

अजून नाही पटलं? दुसरीकडून बघू. मी मुलाखतीचा सराव घेते. एका मुलीला विचारलं, तुझा एखादा दोष सांग. ती आत्मविश्वासाने म्हणाली, ‘आय ॲम अ व्हेरी डिस्ट्रॅक्टिंग पर्सन.’ तिला म्हणायचं होतं, माझं लक्ष पटकन उडतं. प्रत्यक्षात ती म्हणाली, मी जिथे बसते तिथे कोणाला काम करू देत नाही! आता अशा माणसाला नोकरी कोण देणार? लक्ष उडवणारी गोष्ट डिस्ट्रॅक्टिंग, ज्याचं लक्ष उडालं तो डिस्ट्रॅक्टेड. बाहेरचा आवाज डिस्ट्रॅक्टिंग, तुम्ही डिस्ट्रॅक्टेड. बोअरिंग-बोअर्ड, कन्फ्यूझिंग-कन्फ्यूझ्ड, सगळी याच घरातली भावंडं.

तिसरी युक्ती, परीक्षेत घाई असेल तेव्हाची. डिस्ट्रॅक्ट लिहिलंत की लगेच पुढे ‘मी’ म्हणजे ‘मला’ टाकून बघा. ‘द नॉइज डिस्ट्रॅक्ट्स मी.’ बसलं. ‘आय डिस्ट्रॅक्ट मी’? नाही बसलं ना? मग तिथे डिस्ट्रॅक्टेड हवंय.

यावर एक हुशार कमेंट आली होती: ‘पण मॅडम, इंग्रज लोक आय डिस्ट्रॅक्ट ईझिली म्हणतात, मी ऐकलंय.’ खरं आहे, म्हणतात. ‘धिस बुक सेल्स वेल’ असतं ना? पुस्तक स्वतःला विकत नाही, तरी वाक्य चालतं. तसलीच ती रचना आहे, आणि तिला ‘ईझिली’सारख्या शब्दाचा टेकू लागतो. तो काढून ‘यस्टरडे आय डिस्ट्रॅक्टेड’ म्हणालात की गडगडलं. तेव्हा कमेंट करणाऱ्या दादांना पूर्ण गुण, पण बाकीच्यांनी ‘गेट’ सोडू नका.

आता बाय आणि फ्रॉम. ज्याने लक्ष उडालं त्याला बाय, ज्यावरून उडालं त्याला फ्रॉम. ‘आय वॉज डिस्ट्रॅक्टेड बाय माय फोन.’ ‘माय फोन डिस्ट्रॅक्टेड मी फ्रॉम माय वर्क.’ अभ्यासात लक्ष नाही म्हणून ‘डिस्ट्रॅक्टेड इन स्टडीज’ लिहिता, ते आपलं ‘अभ्यासात’ आहे. तिथे फ्रॉमच.

हा फ्रॉम का, ते शब्दाच्या पोटातच आहे. लॅटिन ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणं. त्यातूनच ट्रॅक्टर, अट्रॅक्ट, एक्स्ट्रॅक्ट, सब्ट्रॅक्ट. ‘डिस्’ म्हणजे अलग, दूर. म्हणजे मनाला एका जागेवरून दूर ओढून नेणं. ओढणारा कोणीतरी लागतोच, म्हणून तर ‘आय डिस्ट्रॅक्ट’ अर्धवट वाटतं. (हो, पुन्हा तेच सांगतेय. पुन्हा सांगणार.)

आणि डिस्ट्रॅक्ट करणं नेहमी वाईटच असं कोणी सांगितलं? सुई टोचताना डॉक्टर लहान मुलाशी गप्पा मारतात, तेही डिस्ट्रॅक्ट करणंच. करमणुकीलाही डिस्ट्रॅक्शन म्हणतात. बहुपर्यायी प्रश्नातला चुकीचा पण खरा वाटणारा पर्याय असतो ना, त्याचं नाव डिस्ट्रॅक्टर! प्रश्नपत्रिका काढणारे तो मुद्दाम बनवतात.

‘डिस्टर्ब’ आणि हा एकच का, असंही विचारता. नाही. शांतता मोडली, व्यत्यय आणला, मन अस्वस्थ केलं तर डिस्टर्ब. डिस्ट्रॅक्ट फक्त लक्षाचा. छान गाणंसुद्धा डिस्ट्रॅक्ट करतं, त्याने तुम्ही डिस्टर्ब होता असं नाही. त्या ‘डिस्ट्रॅक्टसाठी पन्नास समानार्थी शब्द’वाल्या रील्स असतात ना, त्यांत हे सगळं एकाच ओळीत कोंबलेलं असतं. शब्द पाठ होतात, वाक्य एकही बनत नाही. चीड येते मला.

शेवटचा प्रश्न: ‘डिस्ट्रॉट’ हा डिस्ट्रॅक्टचा भूतकाळ आहे का? मूळ एकच आहे. काही शतकांपूर्वी डिस्ट्रॅक्टेडचा अर्थ वेडापिसा असाही होता, आणि ‘ड्राइव्ह समवन टू डिस्ट्रॅक्शन’ या वाक्प्रचारात तो अजून शिल्लक आहे. पण डिस्ट्रॉट आज वेगळा शब्द आहे: दुःखाने किंवा काळजीने पार कोलमडलेला. भूतकाळ म्हणून तो वापरू नका. व्हिडिओ बघत बसलात म्हणून काम राहिलं, आणि साहेबांना ‘आय वॉज डिस्ट्रॉट’ असं कळवलंत, तर ते घाबरून फोन करतील की घरी सगळं ठीक आहे ना!