पांढरी पाच, जराशी चढी

श्रोतेहो, नमस्कार.

आज आमच्या रविवारच्या बैठकीबद्दल बोलणार आहे. नागपुरातले आम्ही सहा जण. कुणाकडे जुना टर्नटेबल आहे, कुणी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतःच्या हाताने बांधलाय, कुणाच्या कपाटात कपड्यांपेक्षा स्पूल टेपच जास्त. दर रविवारी एकाच्या घरी जमायचं, रेकॉर्ड लावायची आणि ऐकायची. बोलणं नंतर. एक बाजू संपेपर्यंत, म्हणजे वीस-बावीस मिनिटं, कुणी तोंड उघडत नाही. मग चहा, सांबारवडी, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय रेकॉर्डला हात लावायचा नाही.

आमच्यातले एक काका अजनीला राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले, जन्मभर विजेचं काम केलं. महालातले सर पेटी शिकवतात. इतवारीत एका भाऊंचं दुकान आहे, फाटलेल्या स्पीकरचे कोन बदलतात, जळलेल्या कॉइल गुंडाळून देतात. एक मुलगी इंजिनिअरिंगला आहे. काका तिला पोट्टी म्हणतात, तीही काकांशिवाय कुणाला तसं म्हणू देत नाही. धरमपेठेतले आमचे बँकवाले मित्र, आणि सहावा मी.

लोक विचारतात, गाणं एकट्याने ऐकता येत नाही का? येतं की. पण आपला कान आपल्या घराला सरावतो. हे पुन्हा सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं याच्यावरच आहे. आपला कान आपल्या घराला सरावतो. फ्रिजची घरघर, पंख्याची कुरकुर, आठ दिवसांत ऐकू येईनाशी होते. स्पीकर बिघडला तरी तोच गोड वाटायला लागतो. म्हणून दुसऱ्याचा कान लागतो. दारात चप्पल काढता काढता जो म्हणेल, "तुमचा डावा स्पीकर बसला जी," असा मित्र लागतो.

रेकॉर्डचं थोडक्यात सांगतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं. पुढे १९४८ साली लाँग प्ले आली, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांची. त्याच वर्षी जुलै महिन्यात आपलं नागपूरचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं. आणि लाख कशावर होते? पळसावर, बोरीवर, कुसुमावर. फाल्गुनात आपल्या विदर्भातलं रान ज्या झाडाने पेटल्यासारखं दिसतं, त्याच झाडावर लाखेचा किडा पोसला जातो, आणि तसल्या लाखेत अर्ध्या शतकाचं गाणं साठवलं गेलं. ती तबकडी भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आजोबांच्या माळ्यावर असेल तर खाली काढा, पुसा, उभी ठेवा. आडवी थप्पी लावाल तर आपल्या उन्हाळ्यात लाँग प्लेच्या रेकॉर्डचा पापड होतो.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. बैठक धरमपेठेत, बँकवाल्या मित्राकडे. ऊन ४५ अंशांच्या पुढे. आमचा नियम असा की ऐकताना कूलर बंद. घाम येऊ दे. त्यांनी सारंगाची रेकॉर्ड लावली. दुपारचा राग, दुपारची वेळ, खिडकीला वाळ्याच्या ताट्या, त्यांचा ओला वास. सुई टेकली, तानपुरा सुरू झाला, आणि सरांनी डोळे उघडले.

बाजू संपल्यावर सर म्हणाले, "तानपुऱ्यात तिसरंच कोणीतरी बसलंय. बेसूर."

आम्ही कान दिला. होती. अगदी खालच्या अंगाला, एकसारखी, गुणगुण. मित्र म्हणाले, मला तर काहीच ऐकू येत नाही. त्यांचा कान सरावला होता.

पहिल्या रविवारी संशय ॲम्प्लिफायरवर गेला. भाऊंनी तो दुकानात नेला, चार दिवस चालवला. एकदम गप्प. परत आणून धरमपेठेत लावला, तर गुणगुण हजर. म्हणजे दोष यंत्रात नव्हता, घरात होता. त्यातही गंमत अशी की सकाळी लावलं तर काही नाही. दुपारी लावलं की सुरू.

दुसऱ्या रविवारी सर महालातून ऑटोने पेटी घेऊन आले. भाता हलवला आणि एकेक पट्टी दाबत गुणगुणीचा सूर शोधायला लागले. आम्ही श्वास धरून बसलो. शेवटी म्हणाले, "पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी. जराशी चढी. पण पेटीतल्या सगळ्यात खालच्या पांढरी पाचच्याही एक सप्तक खाली."

काका खुर्चीत पुढे सरकले. "नक्की खाली? बरोबरीने नाही?"

"एक सप्तक खाली."

"मग पन्नास सायकल," काका म्हणाले. "शंभर असतं तर म्हटलं असतं ॲम्पमधला कंडेन्सर गेला. पन्नास म्हणजे लाइनमधून येऊन राहिलं. बाहेरून."

श्रोतेहो, हे जरा हळू सांगतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ती थेट आवाजात शिरली की ५० चा सूर ऐकू येतो. ॲम्पच्या आत विजेचं रूपांतर होताना दोष राहिला तर शंभरचा. या दोन सुरांत बरोबर एका सप्तकाचं अंतर. काकांना वीज कळत होती, सरांना सप्तक कळत होतं. एकट्या काकांना ते पेटीवर सापडलं नसतं, एकट्या सरांना त्याचा अर्थ लागला नसता.

आणि रेकॉर्डच्या सुईतून निघणारा विजेचा दाब किती? एका व्होल्टचे हजार भाग केले तर त्यातले पाचेक. घरातली वीज २३० व्होल्ट. त्या थेंबाएवढ्या सुराला ॲम्प शेकडो पटींनी मोठा करतो, तेव्हा सोबत शिरलेला कणभर कचराही तेवढाच मोठा होतो.

तिसरा रविवार. काकांनी एक बल्ब आणला, होल्डरला दोन लांब वायरी लावलेला. हे तुम्ही घरी करायचं नाही, परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच बोलवायचं. मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. फेज आणि न्यूट्रलला जोडला तेव्हा बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलची वायर काढून अर्थिंगला लावली, म्हणजे गळकी वीज अंगणातल्या खड्ड्यात, मातीत सोडणाऱ्या वायरीला. बल्बमधली तार बिडीच्या टोकासारखी लाल झाली, तेवढीच.

"अर्थिंग नाहीच," काका म्हणाले. "खड्डा कुठे आहे?"

मित्राला माहीत नव्हतं. वहिनींना माहीत नव्हतं. आतल्या खोलीतून मित्राच्या आई आल्या, वय चौऱ्याऐंशी. म्हणाल्या, "तुळशीच्या मागे होता ना खड्डा. हे होते तेव्हा दर उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी टाकत. तुम्ही गट्टू टाकले त्याच्यावर."

चार वर्षांपूर्वी अंगण चकाचक करायचं म्हणून सगळीकडे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवले होते. आता मला इथे बोलू द्या. आपण अंगणाला श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. रस्ता सिमेंटचा, फूटपाथ सिमेंटचा, झाडाच्या बुंध्यापर्यंत गट्टू. पाऊस पडला की पाणी नालीत, आणि मे महिन्यात विहिरीत डोकावून बघायचं. माती उघडी राहू द्या. निदान दोन हात तरी उघडी राहू द्या.

तर आतल्या खोलीत मित्राची नात झोपली होती, साडेतीन वर्षांची, आजोळी आलेली. तिच्यासाठी त्या खोलीतला जुना लोखंडी कूलर दुपारी चालू असायचा. आम्ही बंद करायचो तो हॉलमधला. आमच्या इंजिनिअरिंगवाल्या मुलीने मीटर काढलं, एक टोक कूलरच्या पत्र्याला लावलं आणि दुसरं पुढच्या ओल्या फरशीला. तिने आकडा वाचला. "एक्केचाळीस व्होल्ट."

कुणी काही बोललं नाही. वहिनींनी कूलरचं बटण बंद करून प्लग उपसला आणि झोपलेल्या नातीला उचलून घेतलं. नंतर त्या म्हणाल्या, आठ दिवसांपासून कूलरमध्ये पाणी भरताना हाताला झिणझिण्या येत होत्या, वाटलं उन्हाचा थकवा असेल.

हॉलमध्ये सारंगाची रेकॉर्ड अजून फिरत होती. गुणगुण थांबली होती.

कूलरच्या पंपातून वीज पत्र्यावर गळत होती. अर्थिंग धड असती तर ती मुकाट्याने मातीत गेली असती. माती कोरडी ठक्क, म्हणून ती घरभर अर्थिंगच्या वायरीतून हिंडत होती आणि दुपारी ॲम्पमध्ये गात होती.

त्याच संध्याकाळी गट्टू उचकटले. खाली लोखंडी पाइप निघाला, वायरीचा नटबोल्ट गंजून भुगा झालेला. काकांनी नवा क्लॅम्प बसवला, मीठ-कोळसा भरला, आणि मी पहिली बादली ओतली. कोरड्या मातीने पाणी पिताना जो आवाज केला तो आम्ही सहाही जण वाकून ऐकत होतो. बुडबुड, मग लांब सुस्कारा, मग पुन्हा बुडबुड. भाऊ म्हणाले, हा आवाज टेप करायला पाहिजे होता जी. चौथ्या बादलीनंतर काकांनी बल्ब लावला तेव्हा तार लालची पिवळी झाली होती. दुसऱ्या दिवशी पांढरी. आठवड्याभरात मेन बोर्डावर आरसीसीबी बसली, ३० मिलिअँपिअरची. वीज एवढी जरी वाट चुकली तरी ती क्षणात पुरवठा तोडते. तुमच्या घरी नसेल तर उन्हाळ्यासाठी कूलर बाहेर काढायच्या आधी बसवून घ्या. पुन्हा सांगतो. कूलर काढायच्या आधी आरसीसीबी, आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेला. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या शॉकने माणसं जातात, लहान मुलं जातात.

पुढच्या रविवारी तीच रेकॉर्ड, तीच दुपार. तानपुऱ्याच्या दोन तारांच्या मधली जागा ऐकू आली. गायक षड्‌जावर येण्याआधी श्वास घेतात तो ऐकू आला. मित्र पहिल्यांदाच म्हणाले, "अरे, हे इतकं शांत होतं?" सरांनी पेटी आणली होती, ती त्यांनी उघडलीच नाही.

तुळशीमागचा खड्डा आता उघडा आहे, वर जाळी बसवली आहे. एप्रिल लागला की मित्राच्या आई काठी टेकत तिथपर्यंत जातात, समोर उभं राहून दोन बादल्या टाकून घेतात आणि अजनीला फोन लावतात, "पाणी टाकलं बरं का." यंदाही लावला. काकांनी विचारलं, "बल्ब लावून पाहायला येऊ का आई?" त्या म्हणाल्या, "या. पण सरांनाही आणा, आणि दुपारी जेवायलाच या. वडाभात करून राहिली सून."