पहिलं स्कूबा सामान: आधी काय, नंतर काय

श्रोतेहो, नमस्कार.

स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स संपला, की स्वतःच्या सामानाचे वेध लागतात. दुकानात शिरल्यावर नजर जाते ती चकचकीत रेग्युलेटरकडे. श्वास त्यातूनच घ्यायचा असतो, त्यामुळे ते साहजिकच आहे. मास्क मात्र जाता जाता रंग बघून उचलला जातो. खरेदीचा क्रम नेमका इथंच चुकतो. भाड्याच्या रेग्युलेटरची देखभाल नीट झालेली असेल, तर तो कुणाच्याही तोंडात सारखाच चालतो. भाड्याचा मास्क तुमच्या चेहऱ्यावर बसेलच, याची मात्र काही खात्री नाही. म्हणून क्रम असा ठेवा: जे अंगाला घट्ट भिडतं ते आधी, जे पाठीवर चढतं ते नंतर. याला एकच अपवाद, मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचा. त्याच्याकडे येऊच.

तर आधी मास्क. पोहण्याचा साधा गॉगल इथं चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि मास्कमधली हवा निम्म्या जागेत मावते. तिथं नाकाने थोडी हवा सोडून ती भर घालावी लागते. तसं केलं नाही, तर मास्क चेहऱ्याला शोषून धरतो आणि डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून डोळे लालभडक होतात. म्हणून नाक मास्कच्या आत हवं. शिवाय त्यावरचं सिलिकॉन इतकं मऊ हवं, की कानात दडे बसले तर बाहेरून नाक सहज चिमटीत धरता यावं. हातमोजे घालणार असाल, तर ते घालूनच हे करून बघा.

आता दुकानातली चाचणी. पट्टा मागे न घेता काचेपुढे उलटवा. मान वर करून छताकडे बघा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, दाबू नका. सोबत कुणी असेल तर त्याला सगळ्या कडेने बघायला सांगा, विशेषतः कानशिलाजवळ आणि नाकाखाली. कुठेही फट दिसता कामा नये. मग नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडून द्या. मास्क जागेवर राहिला पाहिजे. जोरात ओढलंत तर कुठलाही मास्क चिकटतो आणि चाचणीला अर्थ उरत नाही. यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. तोंडात स्नॉर्कल किंवा रेग्युलेटरचं माउथपीस धरून हेच पुन्हा करा. दातांत काही धरलं, की गालांचा आणि ओठांचा आकार बदलतो. रिकाम्या तोंडाने फिट्ट बसलेला मास्क तेव्हाच नाकाखालून गळायला लागतो. मिशी असेल, तर तिचा नाकाखालचा काठ बारीक कापलेला बरा. कपाळावरचे केस सिलिकॉनखाली अडकू देऊ नका, चार केसही पाण्याला वाट द्यायला पुरतात.

काच टेम्पर्ड आहे ना, हे काचेवरच्या खुणेवरून पाहून घ्या. प्लास्टिकची काच घेऊ नका. सिलिकॉन पारदर्शक घ्यावं की काळं, हा आवडीचा प्रश्न आहे. पारदर्शकातून उजेड जास्त येतो, पण ते कालांतराने पिवळट पडतं. काळ्यामुळे बाजूची तिरीप अडते. चष्मा असेल, तर दोन स्वतंत्र काचांचं मॉडेल बघा, त्यातल्या पुष्कळ मॉडेलना नंबरच्या तयार काचा मिळतात. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे नंबर अगदी कमी असणाऱ्यांचं कधी कधी साध्या काचेवरही भागतं. पण मनगटावरचे आकडे स्वच्छ वाचता आले पाहिजेत, ही अट सोडू नका.

नवा मास्क धुक्यासारखा भरून येतो. कारखान्यातून येताना काचेवर एक पातळ थर राहिलेला असतो, तो काढावा लागतो. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, आतल्या बाजूने बोटाने काही मिनिटं चोळा, धुवा, आणि हे दोन-तीनदा करा. काचेला खास लेप असेल, तर आधी माहितीपत्रक वाचा, चोळून तो लेपच निघून जाईल. लायटरने थर जाळायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, सिलिकॉन वितळतं. पुढे प्रत्येक डाइव्हच्या आधी धुकंरोधक द्रावणाचा थेंब किंवा आपली थुंकी काचेला लावून विसळलं की झालं.

पाण्यात मास्क गळायला लागला, की सगळे पट्टा आवळतात. बहुतेक वेळा करायचं असतं नेमकं उलट. आवळल्यावर सिलिकॉनची कड दुमडते आणि त्या घडीतूनच पाणी शिरतं. पट्टा डोक्याच्या मागे कानांच्या वर बसवा आणि थोडा सैल सोडा. खोलीवर पाण्याचा दाबच मास्क धरून ठेवतो.

स्नॉर्कलवर फार विचार नको. साधी, मऊ माउथपीसची, फार जाड वा लांब नसलेली नळी पुरे.

फिन्सचे दोन प्रकार आहेत. एकात पाय चपलेसारखा पूर्ण आत जातो, तो उबदार पाण्यात अनवाणी घालायचा. दुसऱ्यात टाच उघडी असते आणि मागे पट्टा, तो निओप्रीनच्या, म्हणजे बुडबुडे असलेल्या मऊ रबराच्या, बुटांवर चढतो. दगडगोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणार असाल, तर दुसराच घ्या. पण आधी बूट ठरवा, मग ते घालून फिन्सचं माप बघा. हा क्रम उलटा झाला, की एक तरी वस्तू परत करावी लागते. पातं फार कडक नको. कडक पात्याने जोर मिळतो खरा, पण सवय नसलेल्या पोटरीत अर्ध्या तासात गोळे येतात. रबरी पट्ट्याऐवजी स्प्रिंगचा पट्टा मिळाला तर घ्या, हलत्या बोटीवर काढ-घाल करताना त्याची खरी किंमत कळते.

वेटसूटचं काम अंग कोरडं ठेवण्याचं नाही. तो आत शिरलेलं थोडं पाणी अडवून धरतो आणि शरीराची ऊब निओप्रीनमधल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे बाहेर जाताना रोखली जाते. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं, म्हणून 28 अंशांच्या पाण्यातही तासाभरात थंडी वाजते. जाडीचा ढोबळ अंदाज असा: 24 अंशांच्या वर 3 मिलिमीटर, 20 ते 24 मध्ये 5, त्याखाली 7, आणि फार थंड पाण्यात ड्राय सूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा. थंडी लवकर वाजणाऱ्याने एक पायरी वर जावं.

माप बघताना सूट अंगाला घट्ट बसला पाहिजे, पण गळ्याला आवळता कामा नये. मानेवर सतत दाब राहिला, तर चक्कर येऊ शकते. कमरेची खळगी, काखा आणि गुडघ्यामागची जागा हाताने चाचपा. तिथं पोकळी असेल, तर पाणी तिथं साचून प्रत्येक हालचालीबरोबर आत-बाहेर होईल आणि ऊब घेऊन जाईल. सूट चढत नसेल, तर पायात पातळ पिशवी घालून पाय आत सरकवा आणि बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर ओढा. नखं लावलीत तर निओप्रीन फाटतं. एक लक्षात ठेवा, खोल गेल्यावर निओप्रीन दबून पातळ होतं, त्याची ऊबही कमी होते आणि तरंगण्याची ताकदही.

आता तो अपवाद, कॉम्प्युटर. तो अंगाला घट्ट भिडत नाही, तरीही लवकर घ्यावा. तो तुमची खोली आणि वेळ सतत मोजून शरीरात किती नायट्रोजन साठला असेल, याचा अंदाज ठेवतो. हा हिशेब एकाचा दुसऱ्याला लागू होत नाही. जोडीदार सोबत असला, तरी तो दोन मीटर वर असतो, तुम्ही दोन मीटर खाली, आणि सकाळची डाइव्ह त्याने केली, तुम्ही केली नाही. म्हणून एका कॉम्प्युटरवर दोघांनी भागवायचं नाही, आणि दिवसाच्या मधे तो बदलायचाही नाही.

पहिल्या कॉम्प्युटरमध्ये इतकं असलं की झालं: मोठे ठळक आकडे, 40 टक्के ऑक्सिजनपर्यंतच्या नायट्रॉक्सची, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेची, सोय, वर येण्याचा वेग जास्त झाला की इशारा, आणि शक्यतो स्वतः बदलता येणारी किंवा चार्ज होणारी बॅटरी. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त नको, आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. सिलिंडरचा दाब बिनतारी दाखवणारा ट्रान्समीटर सोयीचा आहे, पण नवख्याला तो नसला तरी चालतो. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी, अनेक डाइव्ह झाल्या असतील, तर किमान 18 तास जाऊ द्या. हा काळ बरेच कॉम्प्युटर मोजून दाखवतात, पण त्यांच्या आकड्यापेक्षा मोठा आकडा धरलात तर काही बिघडत नाही.

इथवरचं सामान एका बॅगेत मावतं. बाकीचं काही डाइव्ह भाड्यावर चालवा. वेगवेगळे प्रकार वापरले, की आपल्याला काय जमतं ते उमगतं.

रेग्युलेटरकडे वळू. सिलिंडरवर बसतो तो पहिला टप्पा. तो सिलिंडरमधला 200 बारचा (बार हे दाबाचं एकक) दाब उतरवून भोवतीच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9-10 बार जास्त इतका करतो. तोंडातला दुसरा टप्पा तो आणखी उतरवून श्वासाजोगा करतो. बॅलन्स्ड पहिल्या टप्प्याचा फायदा असा, की सिलिंडर रिकामा होत आला, तरी श्वास ओढायला जड जात नाही. पिस्टन की डायफ्रॅम, या वादात नवख्याने पडू नये, दोन्ही चालतात. मात्र 10 अंशांखालच्या पाण्यात जाणार असाल, तर थंड पाण्यासाठी प्रमाणित, आतून सीलबंद मॉडेलच घ्या. नाहीतर आत बर्फ जमून हवा थांबेनाशी वाहू लागते.

जोडणीचे दोन प्रकार आहेत. योक म्हणजे व्हॉल्व्हभोवती शिकंजा आवळणारी, डिन म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आटे फिरवून बसणारी. योक साधारण 232 बारपर्यंतच्या सिलिंडरला, डिन 300 बारपर्यंतही. प्रवासात दोन्ही प्रकारचे सिलिंडर भेटतात, म्हणून डिन रेग्युलेटर आणि सोबत योकचा अ‍ॅडॉप्टर ही जोडी जास्त ठिकाणी कामाला येते.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न दुकानदाराला विचारायचा तो असा: याची सर्व्हिस कोण करतं आणि सुटे भाग मिळतात का? बहुतेक कंपन्या वर्षाला एकदा किंवा 100 डाइव्हनंतर सर्व्हिस सांगतात, काही दोन वर्षांनी. भाग मिळत नसतील, तर उत्तम रेग्युलेटरही काही वर्षांत शोभेची वस्तू होतो.

जुना रेग्युलेटर घेताना हाच प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. शिवाय एक सोपी चाचणी करा. सिलिंडर न जोडता पहिल्या टप्प्यावर टोपी घट्ट बसवा आणि माउथपीसमधून हवा ओढून बघा. काहीच आलं नाही तर ठीक. हवा आली, तर कुठेतरी गळती आहे, पाणीही तिथूनच येईल. माउथपीस धरून ठेवणारा छोटा प्लास्टिकचा बंदही तपासा. तो तुटला, तर पाण्यात श्वास घेताना माउथपीस तोंडातच राहतं आणि बाकीचा भाग हातात येतो.

बीसीडी म्हणजे हवा भरून तरंगायला लावणारं जाकीट. जाकीट पद्धतीचं पृष्ठभागावर उभं धरून ठेवतं. ज्याची पिशवी पाठीमागे असते, ते पाण्यात आडवं राहायला सोपं, पण वर आल्यावर जास्त फुगवलं तर पुढे ढकलतं. माप वेटसूट घालूनच बघा. पूर्ण फुगवून खोल श्वास घ्या, बरगड्या दाबल्या गेल्या तर लहान आहे. हवा काढून खांदे वर उचला, जाकीट कानांपर्यंत चढलं तर मोठं आहे. मग डोळे मिटून हवा सोडण्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने शोधा. वजनाचे कप्पे एका हिसक्यात सुटतात ना, तेही बघा.

वजन नेमकं किती लागतं, हे दुकानदार सांगू शकत नाही, ते पाण्यातच ठरतं. पूर्ण पोशाखात, सिलिंडरमध्ये साधारण 50 बार उरलेले असताना, बीसीडी रिकामं करून पाण्यात उभे राहा. नेहमीसारखा श्वास घेऊन धरला, की पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला हवं. ही तपासणी फक्त पृष्ठभागावरची, डाइव्हमध्ये श्वास कधीही रोखायचा नाही. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाला साधारण 2400 लिटर हवा असते, तिचं वजन जवळजवळ 3 किलो. डाइव्हच्या शेवटी ही हवा बरीच संपलेली असते आणि तुम्ही दोन किलोने हलके झालेले असता. भरलेल्या सिलिंडरवर तपासलंत, तर शेवटी 5 मीटरवर थांबताच येत नाही. सूट बदलला किंवा गोड्या पाण्यातून खाऱ्यात आलात, की हे सगळं पुन्हा करा.

सिलिंडर स्वतःचा घेण्याची घाई नको. त्याची ठरावीक मुदतीत दाबचाचणी आणि आतून तपासणी करावी लागते, आणि तो भाड्याने सहज मिळतो. त्याऐवजी बोटीला दिसणारा फुगवायचा उभा बोया आणि स्पूल, म्हणजे त्याच्या दोरीचं रीळ, एक शिट्टी आणि जाळं किंवा दोरी कापायचं छोटं कटर घ्या. जागा कमी लागते आणि गरज कधी पडेल, सांगता येत नाही.

नवं सामान आधी स्विमिंग पूलमध्ये वापरून बघा, एकेक वस्तू बदलून. सगळंच एकदम नवं असेल, तर गडबड कशामुळे झाली, ते कळत नाही. सिलिंडर उघडल्यावर दाबाच्या काट्याकडे बघत चार श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत येत असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.

डाइव्ह झाल्यावर रेग्युलेटर सिलिंडरवरून काढलात, की पहिल्या टप्प्याची टोपी आधी नीट कोरडी करा, मगच बसवा. टोपीतला पाण्याचा एक थेंबही आत गेला तर गंज धरतो. मग गोड्या पाण्यात भिजवा, आणि रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला नसताना दुसऱ्या टप्प्यासमोरचं पर्जचं, म्हणजे हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढायचं, बटण दाबू नका, ते दाबलं तर बादलीतलं पाणी नळीतून पहिल्या टप्प्यापर्यंत जातं. बीसीडीत गोडं पाणी भरून, हलवून काढा आणि थोडी हवा भरून ठेवा, म्हणजे आतले पापुद्रे एकमेकांना चिकटत नाहीत. सूट उन्हात वाळवू नका. सावलीत रुंद खांद्यांच्या हँगरवर टांगा, बारीक तारेच्या हँगरने खांद्यावर कायमची घडी पडते.

नमस्कार.