गावात एक टेबल हवं

श्रोतेहो, नमस्कार.

प्रशिक्षण, रोजगार आणि सरकारी योजना या विषयांवरची भाषणं तुम्ही आजवर पुष्कळ ऐकली असतील. बहुतेक वेळा योजनांची नावं वाचून दाखवतात, शेवटी 'याचा लाभ घ्यावा' म्हणतात आणि वक्ता मोकळा होतो. मला नावं वाचायची नाहीत. पणजीत जाहीर झालेली योजना आणि वाड्यावरचं घर यांच्यामध्ये जो रस्ता आहे, तो कुठे कुठे खचलाय ते सांगायचं आहे.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी, वाचनालयात, आम्ही काही जण शनिवारी संध्याकाळी बसतो. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, कॉलेजातली दोन मुलं आहेत आणि मी. एक टेबल, मुलांपैकी एकाचा लॅपटॉप, एक वही. फलक नाही, पावतीपुस्तक नाही. आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं, अर्ज वाचून दाखवायचा, कुठला कागद कमी आहे ते सांगायचं आणि कुठल्या कचेरीत कुठल्या खिडकीवर जायचं ते लिहून द्यायचं. काम एवढंच.

तुम्हाला वाटेल, लोक 'नोकरी द्या' म्हणत येत असतील. तसे थोडे. बाकीचे येतात ते कुठेतरी अडकून.

एक बाई आल्या होत्या. बांबूची सुपं, रोवळ्या, टोपल्या विणतात. चवथीच्या आधी त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पीएम विश्वकर्मा योजना त्यांनी कुणाकडून तरी ऐकली होती. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, धोबी, फुलांच्या माळा करणारे, होड्या बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे असे १८ व्यवसाय तिच्यात येतात, आणि टोपल्या विणणारेही येतात. पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, मग पाच टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखापर्यंत आणि ते फेडलं की दुसरं दोन लाखांपर्यंत. तारण नको. कागदावर याहून सरळ काय असणार?

पण अर्ज भरायचा सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या गावातल्या सेवा केंद्रात, आणि तिथे आधारसाठी अंगठा उमटवायचा. इथंच घोडं पेंड खातं. जन्मभर बांबू सोलून त्या बाईंच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नव्हत्या. यंत्र काही केल्या घेईना. केंद्रातल्या मुलाने 'होत नाही हो, मावशी' म्हणून परत पाठवलं आणि मावशींनी समजून घेतलं की योजना आपल्यासाठी नाही. वास्तविक अंगठा नाही तर दुसरं बोट चालतं. तेही नाही घेतलं तर आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने नोंदवता येतात. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दुसरी गंमत म्हणजे आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा, आणि मुलगा बोटीवर. ओटीपी जाणार कुठे, तर भर समुद्रात! आधी नंबर बदलून घेतला, मग अर्ज. पुढची पहिली पडताळणी पंचायतीकडे असते, म्हणून सरपंचांच्या कानावरही घातलं. आणखी दोन गोष्टी जाता जाता सांगतो, कारण त्यावरून घरात भांडणं होतात: एका कुटुंबातून एकालाच यात नाव घालता येतं, आणि सरकारी नोकरीत असलेल्याच्या कुटुंबाला घालता येत नाही.

नावांचं प्रकरण तर आपल्या गोव्याचं खास दुखणं. १९६१ च्या आधी जन्मलेल्या माणसाचा जन्मदाखला पोर्तुगीज वळणाचा. त्यात नाईकांच्या शेवटी क्यू-यू-ई, शेटांची सुरुवात एक्सने. मुलाच्या शाळेत बापाचं नाव इंग्रजी धाटणीने घातलेलं, आधारवर तिसऱ्याच तऱ्हेने, आणि बँकेच्या पासबुकावर आडनावाच्या जागी गावाचं नाव. कर्जाची फाईल बघणाऱ्याला ही चार वेगळी माणसं दिसतात, त्याचा तरी काय दोष? नुसत्या स्पेलिंगचा फरक असेल तर पुष्कळदा प्रतिज्ञापत्रावर भागतं. नाव खरोखरच बदलून घ्यायचं असेल तर गोव्याचा १९९० चा नाव व आडनाव बदलाचा कायदा आहे. पण हे अर्ज करण्याच्या आधी बघायचं. मुदतीच्या आदल्या दिवशी फाईल काखोटीला मारून धावत येणाऱ्याला आम्ही चहा देतो, दुसरं काही देऊ शकत नाही.

आता प्रशिक्षणाबद्दल. इथे माझं मत जरा तिखट आहे, ते ऐकून घ्या. आपल्याकडे गावात प्रशिक्षण म्हटलं की शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर. दोन्ही कामांबद्दल मला आदर आहे. पण एका वाड्यावर दहा जणींना ब्यूटीशियनचा वर्ग दिला की दहा ब्यूटीशियन होतात आणि गिऱ्हाईकंही त्याच दहा. तिकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात एसी बंद पडला की मेकॅनिक आठ-आठ दिवस फिरकत नाही. बार्देश आणि सासष्टीच्या किनाऱ्यावर एवढी हॉटेलं आहेत, प्रत्येकात शीतगृह आहे, लिफ्ट आहे, पंप आहे, आणि ते दुरुस्त करणारे हात आपल्या गावांतून फार थोडे जातात. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा कोर्स दोन वर्षांचा, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा, वेल्डरचा तर एकच वर्षाचा, आणि वेल्डरला आठवी पास चालतो. फर्मागुडी, डिचोली, होंडा, काकोडा, काणकोण, पेडणे, सगळीकडे सरकारी आयटीआय आहेत. फी नाममात्र. तरी घरात अजून म्हणतात, 'बी.ए. तरी कर, आयटीआय कसली!' मुलींच्या बाबतीत तर विचारायलाच नको. इलेक्ट्रिशियन मुलगी म्हटलं की आधी आजी हसते, मग आई.

आयटीआय झाल्यावर अप्रेंटिस म्हणून लागायचं असतं, हेही कित्येकांना माहीत नसतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. वेर्णा, कुंडई, मडकई, बेतोडा इथल्या औद्योगिक वसाहतींत अशा कंपन्या किती आहेत ते तुम्हीच बघा. म्हणजे मुलगा दारात गेला तर तो उपकार मागायला गेलेला नसतो.

एक साधी गोष्ट आमच्या वहीने शिकवली. वहीत जिथे काम निघालंय त्या कंपनीचं नाव लिहितो, पगार लिहितो, आणि तिसऱ्या रकान्यात शेवटच्या बसची वेळ लिहितो. सत्तरीतल्या मुलीला वेर्ण्याला दुसऱ्या पाळीची नोकरी लागली आणि कंपनीची गाडी फोंड्यापर्यंतच येत असेल, तर ती नोकरी पंधरा दिवसांत सुटते. मग आपण म्हणतो, 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.' रात्री दहा वाजता फोंडा स्टँडवर उभं राहून बघावं म्हणजे कळेल.

खाणपट्ट्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१२ मध्ये खाणी एकदा थांबल्या, मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणींच्या ८८ लीजचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा सगळं ठप्प झालं. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या भागांत ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, चहाचे गाडेवाले एकदमच बसले. काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झालंय, पण पूर्वीसारखं नाही. या माणसांसाठी प्रशिक्षणाच्या योजना निघाल्या तेव्हा त्यांच्यापुढे विशीतल्या पोरांचेच वर्ग मांडले गेले. पंचेचाळिशीचा माणूस, ज्याने वीस वर्षं भरलेला टिप्पर घाटातून उतरवला, तो वर्गात बाकावर बसून 'संगणकाची ओळख' शिकेल का? त्याला शिकवायचं नाही, त्याच्याजवळ जे आहे त्याला कागद द्यायचा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत याची सोय आहे, आरपीएल म्हणतात तिला: आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र. अवजड वाहनाचा परवाना हाताशी असलेल्या माणसाने जेसीबी किंवा फोर्कलिफ्ट चालवण्याकडे वळणं यात काही कमीपणा नाही. पण ज्याला गावाने 'पात्रांव', म्हणजे मालक, म्हटलंय तो आमच्या टेबलाशी येत नाही. तो बाहेर मोटरसायकलवर बसून राहतो, आणि सगळे गेले की आत येतो. त्याच्यासाठी दार थोडं उशिरा बंद करतो.

बायकांच्या स्वयंसाहाय्य गटांचं काम मात्र पुष्कळ चाललंय आणि त्यात खरी गोम विक्रीची आहे. गट काढणं अवघड नाही. दहा ते वीस जणी, नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाची वही, एवढं नीट असलं की बँक गटाला २० लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देते. मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायच्या, दिवसांत आमच्याकडच्या एका गटाने फणसाची साठं केली. इतकी सुरेख की काय सांगू! गऱ्यांचा रस सुपावर पातळ पसरून, उन्हात वाळवून, वर तुपाचा हात. आणि ती बांधली कशात, तर जुन्या पेपरात. पणजीतल्या दुकानदाराने हातात घेऊन विचारलं, वजन किती, कधी केलं, अन्नपदार्थांची नोंदणी आहे का? नाही म्हटल्यावर त्याने ठेवून घेतलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. नोंदणी एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, करायची, लहान घरगुती उद्योगाला ती फारशी जड नाही. लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी तर फुकट आहे, आधार नंबरवर होते, तरी तिच्यासाठी हजार-दोन हजार घेणारे वाटेत बसलेले असतात. पुढच्या खेपेला साठं पारदर्शक पिशवीत, वर लेबल, त्यावर वजन आणि तारीख. अळंबी, फळप्रक्रिया असलं काही शिकायचं असेल तर जुन्या गोव्याला एला इथे आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेत कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करावी. काणकोणच्या खोल गावच्या मिरचीला आणि आगशीच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा गावचं नाव लेबलावर लिहायला लाजू नका.

आता फसवणुकीबद्दल. २०२४ च्या अखेरीस गोव्यात सरकारी नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक पोलिसांत गेली, ती तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलीच असतील. लोकांनी दागिने मोडून पैसे दिले होते. सरकारी खात्यांतली बरीचशी कनिष्ठ पदं आता गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या संगणकावरच्या परीक्षेतून भरतात. तुम्हाला तिथे लागतं ते रोजगार विनिमय केंद्राचं चालू मुदतीचं कार्ड, १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, कोकणीचं ज्ञान, आणि अभ्यास. मराठीचं ज्ञान इष्ट धरतात. मधला माणूस लागत नाही. बोटीवर जाणाऱ्यांनी एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का ते त्यांच्या यादीत बघून घ्यावं. परवानाधारक एजंटला खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. आखातात जाणाऱ्यांसाठी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते. व्हॉट्सॲपवर आलेलं ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे, मग त्यावर कितीही शिक्के असोत.

हे सगळं सरकारने करायला नको का, असं कोणी विचारेल. करावं की. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारचं 'स्वयंपूर्ण गोवा' अभियान सुरू झालं तेव्हा अधिकाऱ्यांना 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून पंचायतींत पाठवलं, ती कल्पना मला मनापासून पटली होती. पण राज्यात १९१ पंचायती आहेत, आणि अधिकारी कितीही कळवळ्याचा असला तरी कुणाचा मुलगा बोटीवर आहे आणि कुणाच्या घरी दोन भावांत बोलणं नाही, हे त्याला ठाऊक नसतं. गावाला असतं. आणि गावाला माणसं जमवता येत नाहीत असं म्हणू नका. देवळाच्या उत्सवात आपण तीन अंकी नाटक उभं करतो. कुणी वर्गणी काढतो, कुणी पडदे आणतो, कुणी महिनाभर रात्री जागून तालमी घेतो, आणि नक्कल पाठ नसलेल्या नटाला पडद्याआडून वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टरही असतो. आमचं टेबल म्हणजे तो प्रॉम्प्टर. रंगमंचावर जाणारा माणूस दुसराच असतो.

तुमच्या वाड्यावर असं काही सुरू करायचं असेल तर फार लागत नाही. कागद वाचता येणारा एक, बँकेचा व्यवहार कळणारा एक, मोबाईल चालवणारं एक पोर आणि बायका मोकळेपणाने बोलतील अशी एक बाई. कुणाचं आधार कार्ड, पासबुक आपल्याजवळ ठेवून घेऊ नका, ओटीपी विचारू नका, आणि पैसे, अगदी चहाचेसुद्धा, घेऊ नका. एवढे नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

आणि उद्घाटन तर मुळीच करू नका. उद्घाटन झालं की फोटो होतात, फोटोत कोण पुढे आणि कोण मागे यावरून रुसवे होतात, आणि पुढच्या शनिवारी टेबलाशी कोणीच नसतं. गुपचूप बसायला लागा. पहिले दोन-तीन शनिवार कोणी नाही आलं तर पेपर वाचा.

नमस्कार.