मौना केआ: दुर्बिणीखालची जमीन कोणाची?

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास मुंबईत किंवा पुण्यात गच्चीवर उताणे पडून पाहिले, तर जवळजवळ थेट डोक्यावर नारिंगी झाक असलेला एक ठळक तारा दिसतो. तो स्वाती. मुंबईचा अक्षांश साधारण 19 अंश उत्तर आणि स्वातीची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, तेवढीच, म्हणून तो आपल्या खमध्यातून, म्हणजे थेट डोक्यावरून, जातो. प्रशांत महासागरातले हवाई बेटही याच पट्ट्यात आहे आणि तिथे या ताऱ्याला होकुलेआ, म्हणजे आनंदाचा तारा, म्हणतात. ताहितीकडून निघालेले दर्यावर्दी उत्तरेकडे येताना हा तारा रात्रीमागून रात्री वर चढत असलेला पाहात. तो खमध्यावर आला की आपण हवाईच्या अक्षांशावर पोचलो हे ओळखून ते पश्चिमेला वळत आणि वाऱ्याच्या साथीने बेटे गाठत. होकायंत्र नाही, घड्याळ नाही, कागदाचा कपटाही नाही.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की आजचा विषय असलेल्या, हवाईच्या मौना केआ पर्वतावर नवी महाकाय दुर्बीण उभारण्यावरून चाललेल्या वादाची बातमी आपल्याकडे बहुतेक वेळा ‘विज्ञान विरुद्ध श्रद्धा’ अशा मथळ्याखाली येते, आणि त्या मथळ्यात हवाईचे मूळ रहिवासी आकाशाकडे पाठ फिरवून बसलेले लोक ठरतात. माझ्या मते या वादात आकाशाबद्दल भांडण जवळजवळ नाहीच. भांडण जमिनीचे आहे, आणि त्याहून नेमके सांगायचे तर संमतीचे आहे.

[पडद्यावर: प्रशांत महासागराचा नकाशा]

संमती हा शब्द मी मनाने आणलेला नाही. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकचे जहाज ‘एंडेव्हर’ 1768 मध्ये इंग्लंडहून निघाले, ते 3 जून 1769 रोजी होणारे शुक्राचे अधिक्रमण ताहितीहून पाहण्यासाठी. सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्राचा ठिपका पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून पाहून वेळांची तुलना केली, की सूर्याचे अंतर काढता येते. त्यासाठी रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेने आग्रह धरला होता. पण कुकजवळ नौदलाच्या गुप्त सूचनाही होत्या. अधिक्रमणाचे काम उरकल्यावर दक्षिणेकडचा खंड शोधावा आणि तिथल्या रहिवाशांच्या संमतीने सोयीच्या जागांचा ताबा घ्यावा, असे त्यांत लिहिले होते. एप्रिल 1770 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बे इथे कुक उतरू लागला, तेव्हा ग्वीगल जमातीच्या दोन पुरुषांनी भाले रोखून वाट अडवली आणि जहाजावरच्या लोकांनी बंदुका चालवल्या. 22 ऑगस्ट रोजी त्याने संपूर्ण पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे जाहीर केला. संमतीचे कलम कागदावरच राहिले. आणि खगोलशास्त्र या सगळ्याला केवळ निमित्त होते असेही नाही, कारण ताब्यात घेतलेला किनारा नकाशावर नेमका कुठे आहे हे सांगणारे रेखांशही चंद्र आणि ताऱ्यांच्या वेधांवरूनच काढावे लागत.

हवाईची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि म्हणूनच अधिक बोलकी आहे. 8 डिसेंबर 1874 च्या अधिक्रमणासाठी ब्रिटिशांची तुकडी होनोलुलूला आली, तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते आणि गादीवर राजा कालाकौआ होता. त्याने या कामाला मनापासून साहाय्य केले. पुढे 1881 च्या जगप्रवासात तो कॅलिफोर्नियातली लिक वेधशाळाही पाहून आला आणि आपल्या राज्यात वेधशाळा असावी अशी त्याची इच्छा होती. दुर्बिणींचे समर्थक आज त्याचा दाखला देतात. तो खोटा नाही. मात्र परवानगी देणारा त्या वेळी त्या भूमीचा राजा होता, हा तपशील दाखला देताना सहसा गळतो.

पुढच्या वीस वर्षांत तो अधिकारच गेला. 17 जानेवारी 1893 रोजी, अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक होनोलुलूच्या रस्त्यांवर उतरलेले असताना, साखरेच्या मळ्यांशी आणि व्यापाराशी हितसंबंध असलेल्या एका गटाने राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. 1897 मध्ये अमेरिकेत विलीन होण्याविरुद्ध हवाईच्या लोकांनी जो अर्ज वॉशिंग्टनला पाठवला त्यावर 21,000 हून अधिक सह्या होत्या, आणि मूळ रहिवाशांची एकूण संख्याच तेव्हा 40,000 च्या आसपास होती. विलीनीकरणाच्या तहाला सिनेटमध्ये आवश्यक मते मिळेनात, तेव्हा 1898 मध्ये स्पेनशी युद्ध चालू असताना साध्या बहुमताच्या ठरावाने काम उरकण्यात आले. राजाच्या आणि राज्याच्या मालकीची सुमारे 18 लाख एकर जमीन अमेरिकेकडे गेली. मौना केआचे शिखर त्याच जमिनीत येते. 1993 मध्ये अमेरिकी काँग्रेसने राज्य उलथवण्यातल्या सहभागाबद्दल रीतसर माफी मागितली. जमीन आहे तिथेच आहे.

[पडद्यावर: मौना केआचे शिखर, पहाटे]

आता पर्वताकडे येऊ. समुद्रसपाटीपासून सुमारे 4,200 मीटर उंचीवर, बहुतेक ढग आणि बाष्प पायाखाली सोडून, तिथली हवा इतकी कोरडी आणि स्थिर असते, की खगोलशास्त्रज्ञाच्या दृष्टीने अशी जागा पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. हवाईच्या परंपरेत हा पर्वत आकाशपिता वाकेआ आणि पृथ्वीमाता पापा यांचे अपत्य आहे. बर्फाची देवता पोलिआहू तिथे राहते, आणि शिखराजवळच्या वाइआऊ या लहानशा तळ्यात नवजात मुलांची नाळ सोडण्याची चाल आहे. तळ्यापासून फार दूर नाही अशा उतारावर दगडी वाकस घडवण्याची प्राचीन खाण आहे. तिथल्या घट्ट बसाल्टच्या कपच्यांचे ढीग आजही दिसतात. होड्या कोरणारी हत्यारे इथूनच जात. म्हणजे वर कोणी कायमची वस्ती करून राहात नव्हते, पण पर्वत रिकामाही नव्हता. आपल्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेल्या जमिनीत ज्यांनी गुरे चारली आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

दुर्बिणी आल्या त्या संकटाच्या वाटेने. मे 1960 मध्ये चिलीतल्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीत हिलो शहरात 61 माणसे गेली आणि बाजारपेठ धुऊन निघाली. शहराला नवा रोजगार हवा म्हणून तिथल्या व्यापारी मंडळाचे मित्सुओ अकियामा यांनी विद्यापीठांना पत्रे लिहिली, आणि जेरार्ड कायपर या खगोलशास्त्रज्ञाने शिखरावर चाचणी घेतली. 1968 मध्ये राज्य सरकारने हवाई विद्यापीठाला 11,000 एकरांहून अधिक जागा 65 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, वर्षाला एक डॉलर दराने. पुढे तिथे एकूण 13 दुर्बिणी उभ्या राहिल्या. हिलोच्या व्यापाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्यांच्या राज्यातून ती जमीन आली होती, त्यांना या व्यवहारात कुणी विचारले नाही, आणि 1998 मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकांनी पर्वताच्या देखभालीतल्या हेळसांडीवर ताशेरे ओढले.

या पार्श्वभूमीवर ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ आली. 492 षट्कोनी आरसे जोडून 30 मीटर व्यासाचा एक आरसा, आणि त्याभोवती सुमारे अठरा मजली इमारत. इथे आपलाही संबंध येतो, कारण भारत सुमारे दहा टक्क्यांचा भागीदार आहे आणि बेंगळुरू व नैनितालच्या संस्थांबरोबर पुण्याची ‘आयुका’ या कामात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2014 मध्ये जवळपास 1,300 कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पर्वतावरचा भूमिपूजनाचा कार्यक्रम निदर्शकांनी थांबवला. पुढल्या एप्रिलमध्ये 31 जणांना अटक झाली. डिसेंबर 2015 मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला, कारण हरकती ऐकून घेण्याआधीच तो दिला गेला होता. नव्याने सुनावणी होऊन 2018 मध्ये परवाना पुन्हा ग्राह्य ठरला.

17 जुलै 2019 चा दिवस मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पायथ्याच्या पुउहुलुहुलु या टेकडीसमोर, जिथून शिखराचा रस्ता फुटतो, तिथे डांबरावर ताडपत्रीचा मांडव घातला होता आणि त्याखाली खुर्च्यांवर, अंगाभोवती शाली-ब्लँकेटे लपेटून, कुपुना म्हणजे वडीलधारी मंडळी बसली होती. तरुणांना त्यांनीच बाजूला राहायला सांगितले होते. हात उगारायचा नाही, शिवी द्यायची नाही, हा दंडक होता. पोलीस एकेकाचे नाव विचारून अटक करत होते. ज्यांना चालता येत नव्हते त्यांना उचलून किंवा चाकाच्या खुर्चीवरून नेत होते, आणि पोलिसांतही हवाईचेच लोक असल्याने नेणारा आणि नेला जाणारा यांच्यात कधी नातेही निघत होते. तीसहून अधिक ज्येष्ठांना त्या दिवशी अटक झाली. हे लोक स्वतःला आंदोलक म्हणवत नाहीत. त्यांचा शब्द ‘कीआई’, म्हणजे राखणदार. कार्यरत दुर्बिणींनीही कर्मचारी खाली आणले आणि काही आठवडे निरीक्षणे बंद राहिली.

याच्या तीनच महिने आधी कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगाने पाहिले होते. ते टिपणाऱ्या जाळ्यातल्या दोन दुर्बिणी मौना केआवरच्या होत्या, आणि त्या विवराला ‘पोवेही’ हे नाव हवाई भाषेचे प्राध्यापक लॅरी किमुरा यांनी सृष्टीच्या उत्पत्तीचे वर्णन करणाऱ्या ‘कुमुलिपो’ या प्राचीन स्तोत्रातून काढून दिले. हवाईची सगळी माणसे एका बाजूला आहेत असे मुळीच नाही. दुर्बिणीवर काम करणारे आणि तिला पाठिंबा देणारे मूळ हवाईयनही आहेत. पण नाव मागायला सवड असते आणि जागा मागायला नसते, ही तक्रार मला रास्त वाटते.

2022 मध्ये राज्याने कायदा करून पर्वताचा कारभार विद्यापीठाकडून काढून 11 सदस्यांच्या नव्या प्राधिकरणाकडे सोपवायचे ठरवले, आणि त्यात पर्वताशी निगडित परंपरा पाळणाऱ्यांसाठी जागा राखल्या. कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठाची सबमिलिमीटर लहरी टिपणारी दुर्बीण आणि विद्यापीठाची होकु केआ ही छोटी दुर्बीण 2024 पर्यंत शिखरावरून उतरवण्यात आल्या. तीस मीटरच्या दुर्बिणीचा पाया अजून खणलेला नाही. आणि 1968 चा तो एक डॉलरचा भाडेपट्टा 31 डिसेंबर 2033 रोजी संपतो; त्यानंतरचा कागद करताना राखणदारांपैकी काही जण पहिल्यांदाच टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेले असतील.