भंडाऱ्याचा डाग आणि रिठ्याचा फेस

या चित्रफितीत पत्र्याच्या शेडखाली उभी दिसणारी ही गाडी काल रात्री उशिरा परतली आहे. सोलापुरातून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर अशा फेऱ्या करणाऱ्या भाड्याच्या गाड्यांमध्ये कुंकू, बुक्का, नारळाचे पाणी आणि शेंगाचटणीचे तेल सांडतच असते. परंतु मागच्या सीटवर उमटलेला हा पिवळा पंजा बाळे येथील खंडोबाच्या भंडाऱ्याचा आहे.

भंडारा म्हणजे हळद. चालकाने आधी तिच्यावर खाण्याच्या सोड्याचा लेप लावून पाहिला, तेव्हा डाग निघण्याऐवजी तांबूस झाला, कारण हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लागताच रंग बदलते. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने तिथे ही अडचण येत नाही.

म्हणून चालकाच्या आईने रात्रीच १०-१२ रिठे फोडून, बिया काढून, लिटरभर पाण्यात भिजत घातले होते. आता २० मिनिटांच्या उकळीनंतर पाणी काकवीच्या रंगावर आले आहे, आणि ते कोमट झाल्यावर साली कुस्करताना आईच्या बोटांमधून जो फेस वर येतो आहे, तो सालीतील सॅपोनिनचा आहे. सॅपोनिनच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे चटणीचे तेलदेखील कापड सोडते. या घरातल्या रेशमी इरकली आजही याच पाण्यात धुतल्या जातात. ज्याने रेशीम जपले जाते, त्याला गाडीच्या सीटची काय भीती?

सीटवर पाणी ओतायचे नाही, केवळ फेस घ्यायचा, कारण आतला स्पंज भिजला की कुबट वास धरतो. मऊ ब्रशने चोळून झाल्यावर पुसण्यासाठी घेतलेला हा तुकडा जुन्या सोलापुरी टेरी टॉवेलचा आहे. त्यावर सुताचे जे न कापलेले फासे दिसतात, तेच मळ टिपून घेतात. भौगोलिक मानांकन लाभलेल्या या टॉवेलचे चिंधी झाल्यावरचे हे आयुष्य क्वचितच कोणी चित्रित करते.

काचांसाठी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी पुरते. नारळाच्या आंबलेल्या पाण्याच्या वासावर कोरड्या गालिच्यात सोडा भुरभुरून नंतर तो झाडून काढतात. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्यावर उसळणारा फेस पडद्यावर शोभतो, पण त्यात दोघेही एकमेकांना निष्प्रभ करतात, म्हणून ते दृश्य आम्ही गाळले आहे. चामड्यावर आणि स्क्रीनवर यांतले काहीही वापरू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांना झोंबते आणि काही दिवसांत आंबते.

उरलेली पिवळी छटा उन्हाने उडते, म्हणून चारही दारे उघडून गाडी अंगणात आणली आहे. दुपारी चार वाजता पंजाचा अंगठा तेवढा पुसट दिसतो आहे, आणि गाडीला अक्कलकोटची वर्दी आली आहे.