एकेरी रूळ आणि गाड्यांचे संच

[दृश्य : आडवली स्टेशन, पावसाळी दुपार. लूप लाइनवर, म्हणजे मुख्य रुळाच्या बाजूच्या रुळावर, उभी असलेली पॅसेंजर.]

गाडी का थांबली, हे इथे डब्यात फारसं कुणी विचारत नाही. "क्रॉसिंगाक रवली," एवढ्यावर विषय मिटतो. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग अजूनही बहुतांश एकेरी आहे. समोरची गाडी आल्याशिवाय इथली हलायची नाही.

नियम साधा : एका ब्लॉकमध्ये, म्हणजे रुळाच्या एका ठरावीक तुकड्यात, एका वेळी एकच गाडी. माणसाला एवढं पुरतं. सिग्नल संगणकाच्या हाती द्यायचे, तर 'ब्लॉकमध्ये असणं' म्हणजे नेमकं काय, इथपासून सुरुवात करावी लागते.

आधी दोन संच घेऊ : सगळ्या गाड्यांचा एक, रुळाच्या सगळ्या तुकड्यांचा दुसरा. प्रत्येक गाडीला एक तुकडा नेमून दिला की झालं, असं वाटतं. पण सुटणारी गाडी नीट बघा.

[दृश्य : इंजिन स्टार्टर सिग्नलच्या (स्टेशनातून सुटण्याच्या सिग्नलच्या) पुढे, शेवटचा डबा अजून फलाटाला.]

ती एकाच वेळी दोन तुकड्यांवर आहे. म्हणजे प्रत्येक गाडीला एकच तुकडा देणारं फलन (फंक्शन) चालणार नाही, संबंध हवा : गाडी आणि तुकडा अशा जोड्यांचा संच. त्याला 'व्याप्त' म्हणू. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते. ती दिसली की गाडी अख्खी आली, वाटेत डबे सुटले नाहीत, याची स्टेशनात खात्री होते. मागच्या तुकड्याची जोडी 'व्याप्त'मधून काढायची, ती त्यानंतरच.

[पडद्यावर : ∀ अ, आ ∈ गाड्या, ∀ त ∈ तुकडे : (अ, त) ∈ व्याप्त ∧ (आ, त) ∈ व्याप्त ⇒ अ = आ]

कुठल्याही दोन गाड्या घ्या, कुठलाही तुकडा घ्या. दोन्ही त्याच तुकड्यावर निघाल्या, तर ती एकच गाडी आहे.

'प्रत्येक' आणि 'कुणीतरी' यांचं हे तर्कशास्त्र जर्मन गणितज्ञ फ्रेगे यांनी 1879 मध्ये मांडलं. संच गणितज्ञ कँटोर यांचे, त्याच काळातले. फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ जाँ-रेमों आब्रियाल यांनी त्यांवर सॉफ्टवेअर लिहिण्याची 'बी' पद्धत उभी केली. कोकण रेल्वे सलग सुरू झाली 1998 च्या जानेवारीत. त्याच ऑक्टोबरात पॅरिसमध्ये विनाचालक मेट्रो 14 धावली. तिचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर याच पद्धतीने लिहून गणितानं सिद्ध केलेलं होतं. सिद्धतेची रीत अशी : सुरुवातीला नियम पाळला जातो हे दाखवा, आणि गाडीच्या प्रत्येक हालचालीनंतरही तो टिकतो हे दाखवा.

आता गंमत. 'व्याप्त' हा रिकामा संच असला, तरी आपला नियम खराच ठरतो. एकही गाडी न सोडणारी रेल्वे शंभर टक्के सुरक्षित! गणपतीच्या गर्दीत दोन्हीकडच्या लूप भरून सगळं ठप्प झालं, तरी नियम मोडत नाही.

म्हणून दुसरी अट : प्रत्येक गाडीसाठी अशी एक वेळ असते, जेव्हा ती मुक्कामी पोचते. इथे शब्दांचा क्रम सांभाळा. 'अशी एक वेळ असते, जेव्हा प्रत्येक गाडी मुक्कामी पोचते' असं लिहिलंत, तर सगळ्या गाड्या एकाच मिनिटाला पोचायला हव्यात.

ही अट सिद्ध करणं जास्त अवघड. दर वेळी एक्स्प्रेसलाच आधी सोडलं, तर ही पॅसेंजर लूपवरच राहील, तीही पहिला नियम न मोडता. तेव्हा आधी कुणाला सोडायचं आणि किती वेळा, हेही मॉडेलमध्ये लिहावं लागतं.