राजवाड्यातली गंजिफा

[दृश्य: मोती तलाव, पलीकडे राजवाडा]

सावंतवाडीचा हा राजवाडा जांभ्या दगडाचा. तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातला. भोसले घराणं आजही इथलंच. पण दरबार हॉलमध्ये शिरलात, की सिंहासनाआधी नजर जाते ती टेबलांवर वाकून रंगकाम करणाऱ्या कलाकारांकडे.

[दृश्य: कुंचला, गोल पान]

ही गंजिफा. पत्तेच, पण गोल आणि हातानं रंगवलेले. दशावतारी संचात १२० पानं असतात. मत्स्य ते कल्की असे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. दश्शीवर दहा मासे काढायचे, तेही तळहातात मावेल एवढ्या गोलात आणि एकमेकांना न भिडता!

जुनी रीत अशी: चिंचोक्याच्या खळीनं कापडाचे किंवा कागदाचे थर चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा.

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि चितारी घरांतून हे काम सुटत गेलं. स्वातंत्र्यानंतर शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी शोध घेतला, तेव्हा हाताशी लागले वयोवृद्ध पुंडलिक चितारी. राजा-राणी त्यांच्याकडे शिकायला बसले. मग इतरांना शिकवलं आणि कामाला जागा दिली थेट दरबार हॉलमध्ये. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या कन्या. २०१८ मध्ये त्या गेल्या, तोवर त्यांचं लक्ष या कामावरच होतं.

जुने संच काचेच्या कपाटात मांडून तिकीट लावणं सोपं होतं. इथं मात्र पानं रोज बनतात आणि विकली जातात. कला टिकली ती त्यामुळे, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य: चितार आळी]

बाजारात, चितार आळीत, लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. अडचण एकच: संच घेणारे पुष्कळ, खेळणारे थोडे.

तेव्हा घेतलात, तर खेळूनही बघा. तिघं बसा, प्रत्येकी चाळीस पानं वाटा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का. इथंच नवखा फसतो. आणि उतारी दिवसा रामाची, रात्री कृष्णाची.